दत्तक मुलीचा मूळ शोध: डीएनए किट आधी की फाइल आधी?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या पॅथॉलॉजीत जाऊन ‘डीएनए टेस्ट करायची आहे’ म्हटलं की बहुतेक वेळा पितृत्व चाचणीचा फॉर्म पुढे येतो. तिला दोन माणसांचे नमुने लागतात आणि वीस-पंचवीस खुणा जुळवून ‘हे मूल याच माणसाचं का’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. जिला आपली आई कोण हेच ठाऊक नाही, तिनं दुसरा नमुना आणायचा कुठून? दत्तक गेलेल्या व्यक्तीला हवं असतं ते नातेशोधाचं किट. त्यात एकटीची लाळ पुरते, सहा-सात लाख जागा तपासल्या जातात आणि त्या कंपनीकडे आधीच नमुना दिलेल्या लाखो लोकांशी तुलना होते. हे परीक्षण त्या किटांचं आहे, आणि किटाइतक्याच महत्त्वाच्या कागदांचंही, म्हणजे दत्तकाच्या फाइलीचं.

किट किती खरं बोलतं हे ताडायचं असेल तर ते अशा समाजात लावून बघावं जिथे वंशावळ आधीच नीट लिहून ठेवलेली आहे, पण नात्यांचा गुंताही भरपूर आहे. अमेरिकेतले अमिश, म्हणजे जुन्या चालीनं राहणारा एक ख्रिस्ती पंथ, ही नेमकी तीच जागा. १६९३ साली याकोब आमान या धर्मगुरूच्या मागे गेलेल्या स्वित्झर्लंडमधल्या आणि अल्सास प्रांतातल्या कुटुंबांचे हे वंशज. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात येऊ लागले, पुढे ओहायो आणि इंडियानात पसरले. पेन्सिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, ओहायोतली होम्स काउंटी आणि इंडियानातला एल्कहार्ट-लाग्रेंज हा पट्टा, या आजच्या सगळ्यांत मोठ्या वस्त्या. घोडागाडी, साधे कपडे, घरात बाहेरच्या तारांवरून येणारी वीज नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. शोधाच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते वेगळंच आहे: बाहेरून या पंथात येणारे जवळजवळ नाहीत, आणि लग्नं आतल्या आत होतात. आज अमिशांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे, तरी लँकेस्टरच्या बहुतेक घरांची मुळं जेमतेम दोनेकशे पूर्वजांपाशी जाऊन थांबतात. अशा घरात जन्मलेली आणि बाहेर दत्तक गेलेली मुलगी मोठेपणी आईच्या शोधाला लागली, तर किट तिच्यापुढे काय ठेवतं? विदर्भातल्या वाचकानं हे बारकाईनं बघावं. जातीतल्या जातीत, त्यातही मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्याकडेही हाच गुंता आहे. फक्त आपली वंशावळ कुणी छापून ठेवलेली नाही.

आधी नमुन्याचं बोलू, कारण पैसे वाया जाण्याची पहिली जागा तीच. नातेशोधाची किटं दोन तऱ्हेची असतात. अ‍ॅन्सेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी लाळ मागतात. फॅमिली-ट्री-डीएनए आणि मायहेरिटेज गालाच्या आतून फिरवायची काडी देतात. लाळेच्या नळीत खुणेच्या रेषेपर्यंत भरायचं ते पातळ लाळेनं, फेसानं नव्हे. फेस खाली बसला की पातळी रेषेच्या खाली जाते आणि नमुना कमी पडतो. नळी भरण्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, सिगारेट, च्युइंगम सगळं बंद. नागपुरात त्यात खर्रा धरायलाच हवा. तोंडात सुपारी-तंबाखूचे कण राहिले असतील तर अर्धा तासही पुरणार नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, मग अर्धा तास थांबा आणि नंतरच नळी भरा. झाकणातलं द्रव नळीत उतरेपर्यंत झाकण घट्ट फिरवायचं आणि पाचेक सेकंद हलवायचं. हे द्रव नमुना टिकवतं, पण म्हणून मे महिन्यात नळी बंद गाडीत ठेवून द्यायची नाही. काडीच्या किटात दोन काड्या असतात. प्रत्येक काडी गालाच्या आतल्या बाजूनं अर्धा ते एक मिनिट जोर लावून फिरवावी. हलक्या हातानं फिरवली की पेशी कमी येतात आणि महिन्याभरानं ‘पुन्हा नमुना पाठवा’ असं पत्र येतं.

नळीवरचा क्रमांक खात्यात नोंदवल्याशिवाय नळी पाठवू नका, आणि तो क्रमांक कागदावर वेगळा लिहून ठेवा. कुणाचा अस्थिमज्जा बदल झाला असेल तर किट घेऊच नका, कारण लाळेत दात्याचा डीएनए उतरतो आणि नाती त्या दात्याची निघतात. किटाचे पैसे भरण्याआधी ती कंपनी भारतात किट पाठवते का आणि भारतातून नमुना परत घेते का, या दोन्ही गोष्टी तिच्या यादीत वेगवेगळ्या तपासा.

निकाल यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. निकालाची दोन पानं असतात. पहिलं टक्केवारीचं: इतके टक्के अमुक प्रदेश, तितके टक्के तमुक. हे पान बघून बहुतेकांचा जीव हरखतो, पण शोधाला त्याचा उपयोग फार थोडा. नागपुरात जन्मलेल्या मुलीला ते भारताचा एखादा ढोबळ भाग सांगेल. तालुका, गाव, घराणं सांगणार नाही. खरं काम दुसऱ्या पानावर असतं, ते म्हणजे नातेवाइकांची यादी. प्रत्येक नावापुढे सेंटिमॉर्गन या मापात एक आकडा असतो, म्हणजे दोघांमध्ये सामाईक असलेल्या डीएनएची लांबी. आई किंवा वडील असतील तर साधारण ३,४०० ते ३,७००. सख्खं भावंड असेल तर २,६०० च्या आसपास. सावत्र भावंड, मावशी, आत्या, काका, मामा, आजी, आजोबा, भाचा, पुतणी हे सगळे एकाच टोपलीत, सरासरी १,७५०. पहिल्या फळीतलं चुलत-मावस-आते-मामे भावंड ८५० ते ८७०, आणि त्यातही ४०० पासून जवळजवळ १,४०० पर्यंत फरक पडतो. दुसऱ्या फळीतलं, म्हणजे ज्यांचे पणजोबा एक, ते सरासरी २३०. तिसऱ्या फळीतलं ७३, आणि या फळीत दहात एक जण तर यादीत दिसतच नाही.

इथे आपली भाषा किटापेक्षा श्रीमंत आहे, आणि तीच अडचण होते. आपल्याकडे चुलत, मावस, आते, मामे असे चार शब्द, किटाकडे एकच. नातं आईकडून की वडिलांकडून हे किट आपणहून खात्रीनं सांगत नाही. १,७५० ला मावशी आहे की आजी आहे की सावत्र बहीण आहे, हे त्या व्यक्तीच्या वयावरून आणि सामाईक तुकड्यांच्या संख्येवरून ठरवावं लागतं. आकडा आला म्हणून फोन उचलू नये. पहिल्या रात्री झालेली ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

आता अमिशांकडे. वरचे आकडे दोन माणसांमध्ये नात्याचा एकच धागा असेल तर लागू पडतात. अमिश घरात धागे दहा-बारा असतात. दोन बायका एका बाजूनं तिसऱ्या फळीच्या बहिणी, दुसऱ्या बाजूनं चौथ्या फळीच्या, तिसऱ्या बाजूनं पाचव्या, असं एकाच वेळी असतं. प्रत्येक धाग्याचे थोडे-थोडे सेंटिमॉर्गन जमा होतात आणि तिसऱ्या फळीची बहीण दुसऱ्या फळीची होऊन यादीत वर चढून बसते. १८० सेंटिमॉर्गन बघून ‘आपले पणजोबा एकच’ असं धरून वंशावळ बांधायला घेतली, तर दोन महिने चुकीच्या घराण्यात जातात.

म्हणून एकूण आकड्याआधी तुकडे बघायचे. समजा दोन नावांपुढे १८०-१८० च आहेत. पहिल्यात सहा तुकडे, सगळ्यांत लांब ६०. दुसऱ्यात चौदा तुकडे, सगळ्यांत लांब २०-२२. पहिली व्यक्ती बहुधा खरोखर जवळची. दुसरी म्हणजे जुन्या पूर्वजांच्या अनेक धाग्यांची बेरीज. लांब तुकडा अलीकडच्या पूर्वजाकडून येतो, कारण दर पिढीला तुकडे कापले जातात. आखूड तुकडे अडीचशे वर्षांपूर्वीच्या जोडप्याचेही असू शकतात. अमिश यादीत १५ सेंटिमॉर्गनहून लहान तुकडे सरळ बाजूला ठेवावेत, आणि सगळ्यांत लांब तुकडा ३० च्या खाली असेल तर त्या नावावर वेळ घालवू नये.

दत्तक शोधात एक रंगांची पद्धत लोकप्रिय आहे. ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधली नावं घ्यायची, कोण कुणाशी जुळतं ते बघून चार रंगांत वाटायची. चार रंग म्हणजे चार आजी-आजोबा. सर्वसाधारण अमेरिकी कुटुंबात ही पद्धत एका संध्याकाळीत फळ देते. दोन्ही पालक अमिश असतील तर ती कोसळते, कारण प्रत्येक जण प्रत्येकाशी जुळतो आणि सगळा कागद एकाच रंगाचा होतो. पण आई अमिश आणि वडील बाहेरचे असतील, तर हाच दोष उपयोगी पडतो. यादीचे दोन भाग आपोआप पडतात: एकमेकांत घट्ट विणलेला मोठा गठ्ठा आईचा, आणि सुटे-सुटे चार-पाच लहान गट वडिलांचे. अशा वेळी वडिलांची बाजू आधी सोडवावी, ती लवकर सुटते.

जवळची नाती मात्र अंतर्विवाहातही, म्हणजे लग्नं आतल्या आत होतात तिथेही, खोटं बोलत नाहीत. २,६०० म्हणजे सख्खं भावंडच. १,७५० च्या व्यक्तीचा आकडा थोडा फुगलेला असेल, पण ती परकी नसेल. म्हणून अशा समाजात शोधणाऱ्यानं दूरच्या हजार नावांचा अभ्यास करण्यापेक्षा एक जवळचं नाव यादीत येईपर्यंत थांबणं किंवा ओळख पटलेल्या एखाद्या नातेवाइकाला किट करायला विनवणं जास्त फायद्याचं. अमिश स्वतः घरगुती किटं सहसा करत नाहीत. यादीत येतात ते पंथ सोडून गेलेले, किंवा ज्यांचे आजोबा-पणजोबा मेनोनाइट या अमिशांच्या जवळच्या पण कमी कडक पंथात गेले असे. त्यामुळे यादीतली व्यक्ती आईची सख्खी नातेवाईक असूनही आईशी तिचं बोलणं नसेल, ही शक्यता धरूनच पुढे जावं. बाप्तिस्मा घेऊन मग पंथ सोडणाऱ्यावर बहिष्कार घालण्याची रीत तिथे आजही पाळली जाते.

कंपन्यांचं मोजमाप या कसोटीवर असं उतरतं. अ‍ॅन्सेस्ट्रीकडे अडीच कोटींहून जास्त नमुने आहेत आणि अमिश-मेनोनाइट वंशजांचं प्रमाण चांगलं आहे. अमेरिकेतल्या शोधासाठी पहिलं किट हेच. मूळ किंमत ९९ डॉलर, सणाच्या सवलतीत निम्म्याच्या आसपास. सगळ्यांशी सामाईक असणारे फसवे तुकडे वजा करण्याची सोय तिच्यात आहे, पण ती ९० सेंटिमॉर्गनच्या खालच्या नावांनाच लागते. अमिश गुंता नेमका ९० ते २५० मध्ये सर्वांत जास्त फसवतो, आणि तिथे ही चाळणी नाही. सगळ्यांत लांब तुकड्याचा आकडा मात्र नावावर टिचकी मारली की दिसतो. तो जरूर बघा. कोणत्या गुणसूत्रावर कुठला तुकडा जुळला हे अ‍ॅन्सेस्ट्री दाखवत नाही, ही तिची मोठी उणीव. जुळणारे लोक आपसांत किती जुळतात हे बघायला वेगळे पैसे भरावे लागतात. शोध ऐन भरात असताना एक-दोन महिने ते भरावेत, नंतर बंद करावेत.

ही उणीव जेडमॅच हे संकेतस्थळ भरून काढतं. तिथे किट विकत नाहीत. दुसऱ्या कंपनीकडची आपल्या डीएनएची कच्ची फाइल, म्हणजे तपासलेल्या सगळ्या जागांची मूळ नोंद, उतरवून तिथे चढवायची. गुणसूत्रनिहाय तुकडे दिसतात, एक्स गुणसूत्र वेगळं दिसतं, आणि ‘तुमचे आई-वडील एकमेकांचे नातेवाईक होते का’ हे तपासायचं साधनही आहे. अंतर्विवाही समाजातल्या मुलीनं हे साधन पहिल्याच दिवशी चालवावं. निकाल ‘हो’ आला की पुढचे सगळे आकडे फुगलेले आहेत असं धरून चालता येतं. एक्स गुणसूत्राचा तर बाईला खास फायदा. वडिलांकडून आलेलं एक्स अदलाबदल न होता पूर्ण येतं आणि ते वडिलांच्या आईचं असतं. म्हणजे वडिलांच्या बाजूनं एक्सवर लांब तुकडा जुळला तर वडिलांच्या वडिलांचं अख्खं घराणं बाजूला काढता येतं. जेडमॅच वापरताना पोलिस तपासासाठी फाइल खुली ठेवायची की नाही, हा पर्याय सुरुवातीलाच विचारला जातो. घाईत कुठलंही बटण दाबू नका, वाचून ठरवा.

फॅमिली-ट्री-डीएनएचा साठा लहान आहे. ६ सेंटिमॉर्गनखालचे तुकडे तो बेरजेत धरत नाही, हे अंतर्विवाही समाजासाठी चांगलं. तिथली आईकडून आईकडे जाणारी मायटोकाँड्रियल चाचणी ‘आई शोधायची आहे’ म्हणून अनेक जणी घेतात आणि निराश होतात. ती हजारो वर्षांची बाईबाईची ओळ सांगते. आई कोण ते सांगत नाही. दोन संशयित घराण्यांतून एक वगळायला तिचा उपयोग होतो, त्याआधी पैसे घालू नका. वाय गुणसूत्राची चाचणी बाईला करताच येत नाही. त्यासाठी बापाकडचा पुरुष लागतो. ट्वेंटीथ्री-अँड-मीमधून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आधीपासून तिथे खातं असेल तर कच्ची फाइल उतरवून घ्या; नव्यानं सुरुवात तिथून करावी असं आम्ही सुचवणार नाही.

अमेरिकेतल्या मुलीला किटाच्या जोडीला कागद मिळतो, आणि तो स्वस्त आहे. पेन्सिल्व्हेनियात २०१६ च्या कायद्यानं ३ नोव्हेंबर २०१७ पासून अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला मूळ जन्मनोंदीची प्रत मागता येते. शाळा पूर्ण केलेली किंवा रीतसर सोडलेली असावी अशी अट आहे, आणि जन्मदात्यांनी तशी विनंती नोंदवली असेल तर त्यांचं नाव झाकून प्रत येते. ओहायोत १ जानेवारी १९६४ ते १८ सप्टेंबर १९९६ या काळातले दत्तक कागद मार्च २०१५ पासून खुले झाले, इंडियानात जुलै २०१८ पासून. ज्या मुलीचा जन्म लँकेस्टरचा आहे तिनं किट मागवलं त्याच दिवशी हा अर्ज टाकावा. शंभर सेंटिमॉर्गनच्या वीस नावांपेक्षा त्या एका ओळीतलं आईचं नाव मोलाचं.

नाव मिळालं तरी काम संपत नाही, कारण अमिश नावं मोजकीच आहेत. लँकेस्टरमध्ये स्टोल्ट्झफस, किंग, फिशर, बायलर, लॅप. होम्समध्ये मिलर, योडर, ट्रॉयर. इंडियानातल्या अ‍ॅडम्स काउंटीत श्वार्त्झ. जवळजवळ सगळे स्टोल्ट्झफस १७६६ साली आलेल्या एकाच निकोलसचे वंशज. एकाच गावात एकाच नावाच्या पाच बायका असतात, म्हणून तिथे टोपणनावं चालतात. यातून वाट काढायला मधलं अक्षर कामी येतं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. लँकेस्टरच्या अमिशांत मधलं अक्षर बहुधा आईच्या माहेरच्या आडनावाचं असतं. त्या एका अक्षरानं पाचातल्या तीन बायका गळतात. उरलेल्यांसाठी त्यांच्या मंडळींच्या छापील निर्देशिका असतात. घर, नवरा-बायको, त्यांचे आई-वडील, मुलांच्या जन्मतारखा, सगळं त्यात असतं. लँकेस्टर काउंटीतल्या गॉर्डनव्हिल इथल्या अमिश ग्रंथालयात, किंवा ओहायोतल्या बर्लिन गावच्या ग्रंथालयात, हे कागद बघता येतात. वैद्यकीय संशोधनासाठी जमवलेल्या अमिश वंशावळी वेगळ्या. त्या शोधासाठी खुल्या नाहीत आणि तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

आता नागपूरची बाजू, आणि इथे किटाचे गुण झपाट्यानं कमी होतात. नागपुरात जन्मलेल्या मुलीच्या यादीत वर बघायला काही नसतंच. भारतातून किटं करणारे थोडे. यादीत येतात ते परदेशी स्थायिक झालेले तिसऱ्या-चौथ्या फळीतले, आणि कधी-कधी तर तिच्यासारखीच परदेशी दत्तक गेलेली दुसरी मुलगी. आपल्याकडे जातीअंतर्गत लग्नं हजारेक वर्षांहून जुनी आहेत, त्यामुळे आखूड तुकड्यांचा पसारा अमिशांहूनही जुना आणि दाट. त्यावर तपासून बघायला ना निर्देशिका, ना मधल्या अक्षराची खूण. म्हणून नागपूरच्या मुलीसाठी किट पाचांत दीड गुणाचं, आणि फाइल साडेचार गुणांची. फाइल आधी, किट नंतर.

फाइलचा रस्ता कायद्यात आखून दिलेला आहे. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमावलीत ‘रूट सर्च’ म्हणजे मूळ शोधाची तरतूद आहे. अर्ज दत्तक व्यक्तीनं स्वतः करायचा. वय अठराच्या आत असेल तर दत्तक आई-वडिलांसह मिळून. अर्ज ‘कारा’कडे, पुण्याच्या राज्य दत्तक संसाधन संस्थेकडे, नागपूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा मूळ दत्तक संस्थेकडे देता येतो. परदेशी असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फतही देता येतो. सोबत ओळखपत्र, दत्तक आदेशाची प्रत, जुना पासपोर्ट आणि संस्थेच्या दाखल नोंदीचा क्रमांक जोडावा. हा क्रमांक अर्जात असेल तर जुनी नोंदवही उघडून पान काढता येतं. नुसत्या आजच्या नावावर कुणालाच काही सापडत नाही, कारण नोंदवहीत ते नाव नसतंच. तिथे संस्थेनं ठेवलेलं नाव असतं. ते नाव आईनं ठेवलं असं समजून त्या नावामागे धावणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. जन्मतारीखही जपून वापरा: बेवारस सापडलेल्या बाळाची तारीख डॉक्टरांनी अंगकाठीवरून ठरवलेली असते.

आदेश कुठल्या कायद्याखाली झाला त्यावर कागद कुठे असेल ते ठरतं. परदेशी गेलेली जुनी मुलं १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानं गेली. त्यांची फाइल जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच्या प्रकरणांत बाळाचा अभ्यास अहवाल आणि छाननी संस्थेचा अहवालही असतो, आणि तो वाचण्यासारखा असतो. हिंदू कुटुंबात १९५६ च्या कायद्यानं दत्तक झालं असेल तर नोंदणीकृत दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे. सप्टेंबर २०२२ पासून बाल न्याय कायद्याखालचे दत्तक आदेश जिल्हाधिकारी देतात.

पुढे दोन फाटे फुटतात. आईनं स्वतः बाळ संस्थेत सोपवलं असेल तर समर्पणपत्र असतं, त्यावर तिचं नाव असतं. तिनं ओळख लपवायची विनंती केली असेल तर आधी तिची संमती विचारली जाते; तिनं नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर नाव न देता सोपवण्याची कारणं आणि परिस्थिती सांगितली जाते. बाळ बेवारस सापडलं असेल तर ते कुठून, कसं संस्थेत आलं हे कळतं. इथे पोलिस ठाण्याचं नाव विचारायला विसरू नका, कारण सापडल्याची पहिली नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत असते. पत्त्याबद्दल सावध राहा. नागपूर हे अख्ख्या विदर्भाचं आणि शेजारच्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचं दवाखान्यांचं शहर. बाळंतपणासाठी लांबून आलेल्या, न बोलता आलेल्या बाईनं दिलेलं गाव खरं असेलच असं नाही. तालुक्याचं नाव बहुधा खरं निघतं, गावाचं बदललेलं असतं.

‘आम्ही तुमची आई शोधून देतो’ म्हणणाऱ्या खासगी माणसांना पैसे देऊ नका. तिसऱ्या व्यक्तीमार्फत मूळ शोध करायला नियमावलीत बंदी आहे. असा माणूस गावात जाऊन दारोदार विचारतो आणि जी गोष्ट एका बाईनं तीस वर्षं मनात ठेवली ती एका दुपारी गावभर होते. सासरी ठाऊक नसतं, मुलांना ठाऊक नसतं. तिच्या खासगीपणाचा हक्क मुलीच्या हक्काइतकाच खरा आहे. नियमही तेच सांगतो, आणि नियम नसता तरी तसंच वागायला हवं होतं.

लँकेस्टरची आई याबाबतीत नागपूरजवळच्या काटोलच्या आईहून वेगळी नाही. बाप्तिस्मा घेतलेली, सात मुलांची आई, तिचं चर्च वीस-चाळीस कुटुंबांचं. दारात परकी मोटार थांबली की तासाभरात सगळ्यांना कळतं. म्हणून तिथे पत्रच योग्य. फोन घरात नसतो. शेताच्या कडेला लाकडी खोपटात असतो आणि त्याचा निरोप कुणीही ऐकतं. पत्र साध्या इंग्रजीत, एका पानाचं, हातानं लिहिलेलं. पहिल्या पत्रात ‘मी तुमची मुलगी’ असं लिहू नये. जन्मतारीख, जन्माचं गाव आणि ‘माझ्या कुटुंबाची माहिती शोधते आहे, तुम्हाला काही ठाऊक असल्यास कळवावं’ इतकंच. जिला कळायचं तिला तारखेवरून कळतं, दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर काही फुटत नाही. पाकिटावर संस्थेचा शिक्का, डीएनए कंपनीचं नाव, काही नको. उत्तरासाठी दोन-तीन महिने थांबावं आणि तोवर दुसरं पत्र टाकू नये.

पत्र नागपुरातून जात असेल तर आत परतीचं पाकीट ठेवताना त्यावर आपलं तिकीट लावून उपयोग नाही. अमेरिकेतून निघणाऱ्या पाकिटाला अमेरिकी टपाल खात्याचंच तिकीट लागतं. तिथल्या ओळखीच्यांकडून भारतात पत्र यायला चालणारं ‘ग्लोबल फॉरएव्हर’ तिकीट आधी मागवून ठेवा, किंवा परतीच्या पाकिटावर त्यांचाच तिथला पत्ता घाला.